आभाळातले निरोप

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला या जागी दरवर्षी कोणी लोणच्या-मुरंब्यावर बोलते, कोणी भरतकामावर, कोणी काशीयात्रेवर. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही तिन्हीसांजेला गच्चीवर तारा धरून काय करता, ते एकदा सर्वांना सांगून टाका, म्हणजे आळीतली चर्चा तरी थांबेल." म्हणून मी उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्रातले मोठे शब्द मला येत नाहीत. जे हाताने केले आणि कानाने ऐकले तेवढेच सांगेन. चुकले तर इथे बसलेल्या शिक्षिकाबाईंनी सांभाळून घ्यावे.

सुरुवात गुढीपाडव्यापासून करते, कारण तो दिवस तुम्हा सर्वांनाच आठवत असेल. २ एप्रिल २०२२. गुढी उतरवून झाली होती, श्रीखंडाची भांडी घासायची होती. रात्रीचे पावणेआठ झाले असतील. एवढ्यात बाहेर मुलांचा गलका उठला. अंगणात येऊन पाहते तो आभाळात जळते निखारे ओळीने चाललेले, जणू कोणी पेटत्या पलित्यांची मिरवणूक काढली आहे! कोणी म्हणाले विमान पेटले, कोणी म्हणाले तारा तुटला. सासूबाईंनी हात जोडले. आपल्या वणीतच नव्हे, साऱ्या विदर्भात लोक त्या रात्री अंगणात उभे होते. दुसऱ्या दिवशी कळले की शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी आभाळातून धातूचे एक मोठे कडे पडले. माणूस आरामात आत उभा राहील एवढे मोठे. चीनने आदल्या वर्षी सोडलेल्या अग्निबाणाचा तो भाग असावा, असे जाणकारांनी सांगितले.

माझ्या लेकीचा तेव्हा दहावीचा शेवटचा पेपर राहिला होता. मी तिला म्हटले, "वर एवढे लोखंड फिरते आणि आपल्याला पत्ता नाही, हे काही बरे नाही." ती म्हणाली, "आई, वर फिरणारे सगळेच मुके नसते. त्यातले पुष्कळ उपग्रह सारखे बोलत असतात. आपल्या घरावरून जातानाही बोलतात. आपण ऐकत नाही एवढेच."

ते वाक्य माझ्या मनात राहिले. पेपर संपल्यावर मी तिला म्हटले, "मग ऐकव."

भगिनींनो, हे ऐकणे नवे नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला उपग्रह सोडला, स्पुटनिक त्याचे नाव. वजन सुमारे ८४ किलो. तो "बीप, बीप" असा आवाज करीत पृथ्वीभोवती फिरे आणि जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी तो आपल्या घरच्या यंत्रावर ऐकला. हौशी रेडिओवाले म्हणजे पगारासाठी नव्हे, आवडीखातर बिनतारी संदेश पाठवणारे आणि घेणारे लोक. बोलायचे असेल तर त्यांना सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. संकटाच्या वेळी हे लोक उपयोगी पडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतरही त्यांनी आपली यंत्रे घेऊन निरोप पोचवण्याचे काम केले होते.

स्पुटनिकनंतर चार वर्षांनी अमेरिकेतल्या अशाच हौशी मंडळींनी स्वतःचा उपग्रह बनवला. त्याचे नाव ऑस्कर-१. १२ डिसेंबर १९६१ रोजी तो वर गेला. वजन सुमारे साडेचार किलो, म्हणजे आपली पाच पायलीची भानगड नाही, एका पिशवीतला बाजार! मोठ्या अग्निबाणात तोल सांभाळण्यासाठी जे वजन ठेवायचे असते, त्याच्या जागी याला बसवून दिले. त्याच्या आवाजाची शक्ती विजेरीच्या दिव्याहूनही कमी होती. तो एकच शब्द बोले. चार ठिपके, मग दोन ठिपके. बिनतारी भाषेत त्याचा अर्थ 'हाय', म्हणजे आपला रामराम.

आता यातली गंमत ऐका. त्या उपग्रहाच्या पोटात किती उष्णता आहे, हे त्याच्या रामरामाच्या वेगावरून कळे. उष्णता बदलली की वेग बदले. म्हणजे ज्याच्याकडे रेडिओ आणि घड्याळ आहे, त्याने ठरावीक वेळात किती रामराम आले ते मोजायचे आणि लिहून पाठवायचे. २८ देशांतल्या ५७० हून अधिक लोकांनी असे लिहून पाठवले. तो उपग्रह साऱ्या जगाला वळसा घाली आणि त्याच्यामागे धावत फिरणे त्याच्या कर्त्यांना शक्य नव्हते. तो ठीक आहे की नाही, हे त्यांना जगभरच्या ऐकणाऱ्यांच्या पत्रांतून कळले.

लेकीने हे मला सांगितले तेव्हा माझ्या हातात दुधाची वही होती. मी म्हटले, "घड्याळ पाहणे, मोजणे आणि वहीत लिहिणे एवढेच ना? ते तर मी लग्न झाल्यापासून करते आहे!" त्या दिवशी माझी भीड गेली.

आमची तयारी कशी झाली ते सांगते. भिशीचे पैसे माझ्या नावे निघाले होते. त्यातून बोटाएवढे एक यंत्र मागवले. ते संगणकाला किंवा मोबाइलला जोडले की त्याचा रेडिओ होतो. लहरी पकडायला अँटेना लागतो, तो घरीच केला. कपडे वाळत घालायच्या तारेचे दोन तुकडे कापले, मोडक्या झाडूच्या दांडीवर बसवले आणि टीव्हीची जुनी केबल जोडली. दोन्ही तुकड्यांचा आकार इंग्रजी 'व्ही'सारखा पसरट ठेवायचा. तुकड्यांची लांबी मनाला येईल तशी चालत नाही. जी लहर पकडायची तिच्या लांबीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा एकेक तुकडा लागतो. अंतराळस्थानकाचा आवाज ऐकायचा तर सव्वाएकोणीस इंच, हवामानाच्या उपग्रहाचा ऐकायचा तर एकवीस इंच. मी शिवणाची टेप आणली आणि लेकीला म्हटले, "मापाचे काम माझ्याकडे दे. तू ब्लाउजची बाही मापतेस तशी तार मापशील तर उपग्रह दुसऱ्याच गावाला जाईल."

उपग्रह केव्हा येणार हे मोबाइलवर आधी कळते. अमुक मिनिटाला अमुक दिशेला उगवेल, अमुक मिनिटाला मावळेल, अगदी आगगाडीच्या वेळापत्रकासारखे. फरक इतकाच की ही गाडी कधी लेट होत नाही! लहरी सरळ जातात, म्हणून उपग्रह क्षितिजाच्या वर असेल तेवढाच वेळ ऐकू येतो. अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असते आणि दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. आपल्या डोक्यावरून ते फार तर दहा मिनिटांत निघून जाते. तेवढ्यात भाजी करपली तरी चालेल, पण गच्ची सोडायची नाही. स्टेशनात येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी वाटते आणि गाडी पुढे गेली की उतरते, तशीच उपग्रहाची लहरही येताना चढी आणि जाताना उतरती होते; त्याप्रमाणे यंत्राची कळ जरा सरकवत राहावे लागते.

आता खरे सांगते, पहिला सव्वा महिना आम्हाला काहीही ऐकू आले नाही. नुसती खरखर. लेक रडकुंडीला आली. हे म्हणाले, "भिशीचे पैसे पाण्यात गेले." आळीत पोरी हसू लागल्या. उन्हाने गच्ची तापलेली, पाय भाजत, डास चावत. आम्ही दोघी झाडूची दांडी धरून आभाळाकडे तोंड करून उभ्या. बघणाऱ्याला हसू येणारच.

एका संध्याकाळी वीज गेली. साऱ्या आळीत अंधार. लेकीचा लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू होता. आणि त्या अंधारात त्यातून स्वच्छ आवाज आला: टिक-टॉक, टिक-टॉक, मध्ये एक बारीक सूर, एखाद्या भिंतीवरच्या घड्याळाला कंठ फुटावा तसा. तो अमेरिकेच्या हवामान खात्याचा उपग्रह नोआ-१५ होता. एका सेकंदाला दोन, या हिशेबाने तो ढगांच्या चित्राच्या ओळी खाली पाठवीत होता. आम्ही दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. दहा मिनिटांनी वीज आली आणि लगेच तीच खरखर सुरू झाली.

तेव्हा दोष कळला. वीज वाचवणारे आजकालचे दिवे असतात ना, त्यांतल्या काहींच्या पोटातले विजेचे सामान बारीक गडबड करते. आपल्याला ती ऐकू येत नाही, पण आभाळातला क्षीण आवाज तिच्यात बुडून जातो. घरातला एकेक दिवा मालवून आम्ही पाहिले. आमचे दोन दिवे दोषी निघाले, ते बदलले. तरीही गडबड उरलीच. लेकीने अँटेना इकडेतिकडे फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आई, हे शेजारच्या गच्चीवरच्या दिव्याचे आहे."

इथे माझी पंचाईत झाली. शेजारच्या वहिनींशी माझे चार वर्षे बोलणे नव्हते. कारण सांगायला लाज वाटते. त्यांच्या पन्हाळीचे पाणी आमच्या भिंतीवर पडे, त्यावरून एका पावसाळ्यात शब्दाला शब्द लागला आणि मग हळदीकुंकवाचे बोलावणेसुद्धा बंद झाले. आता त्यांच्या दारात जाऊन "तुमचा दिवा मालवा" म्हणायचे तरी कसे? दोन दिवस मी टाळले. तिसऱ्या दिवशी वाटी घेऊन विरजण मागायच्या निमित्ताने गेले आणि मग धीर करून सांगितले. वहिनींनी सगळे ऐकून घेतले. वाटीत विरजण घातले आणि आपल्या वऱ्हाडीत म्हणाल्या, "दिवा इझवाले कायची परवानगी पायजे वं? पन पोरीले आबायात काय दिसते, ते मले बी दाखवजा."

वहिनी इथे समोरच बसल्या आहेत, म्हणून त्यांच्या परवानगीने हे सांगते आहे.

पुढे लेक बारावीत असताना, पावसाळा सरल्यावर, अंतराळस्थानकावरून चित्रे येणार असल्याचे कळले. त्या स्थानकावर हौशी रेडिओचे यंत्र आहे. अंतराळातून हौशी रेडिओवर पहिल्यांदा बोलले ते १९८३ साली ओवेन गॅरियट नावाचे अमेरिकन अंतराळवीर. जुलै २०२५ मध्ये आपल्या शुभांशु शुक्ला यांनीही याच मार्गाने स्थानकातून आपल्या विद्यार्थ्यांशी संभाषण केले. बोलणे नसते तेव्हा त्या यंत्रावरून मधूनमधून काही दिवस चित्रे पाठवतात, तीही जगातल्या कोणालाही घेता यावीत म्हणून.

चित्र आवाजातून कसे येते, हे मला आधी कळेना. लेकीने सांगितले आणि मी माझ्या परीने समजून घेतले ते असे: समजा, माझ्या बहिणीला नागपुरात माझ्या स्वेटरची वीण हवी आहे. मी तिला फोनवर एकेक ओळ वाचून दाखवते, इतके सुलट, इतके उलट, ओळ संपली, पुढची घे. ती तसे विणत जाते आणि शेवटी तिकडे तीच नक्षी उमटते. लोकर काही फोनमधून गेली नाही, निरोप तेवढा गेला. तसेच हे. चित्रातला उजळ ठिपका असेल तर सूर उंच, काळा असेल तर सूर खालचा आणि ओळींचा मेळ राहावा म्हणून मधूनमधून खुणेचा एक ठरावीक सूर. अशा जवळजवळ पाचशे ओळी. एका चित्राला दोन मिनिटे लागतात. आपला मोबाइल नुसता त्या आवाजाजवळ ठेवायचा; त्यातली व्यवस्था सूर ओळखून पडद्यावर रंग भरत जाते.

त्या रात्री वहिनींनी आपला दिवा तर मालवलाच, पण पलीकडच्या दोन घरांतही सांगून आल्या. त्यांनी अँटेना धरला, लेकीने यंत्र, मी मोबाइल आणि घड्याळ. सासूबाई जिन्यात खुर्ची टाकून बसल्या. ठरल्या मिनिटाला पश्चिमेकडून एक ठळक चांदणी वर सरकू लागली. तेच स्थानक. आणि आवाज सुरू झाला: किर्र, चिर्र, पुन्हा किर्र, एखादे पाखरू रागावल्यासारखे. पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उमटू लागली. आधी निळा पट्टा, मग अक्षरे, मग एका माणसाचे डोके. वहिनी म्हणाल्या, "अवं माय, मानूस हाय!" पहिले चित्र पुरे आले. दुसरे अर्धे झाले तोवर स्थानक पूर्वेला मावळत गेले आणि उरलेल्या अर्ध्या चित्राच्या जागी नुसते राखाडी पट्टे आले. ते अर्धे चित्रही मी जपून ठेवले आहे. आमची पन्हाळ पुढच्या पावसाळ्याआधी दुरुस्त झाली. दोन्ही घरांनी मिळून खर्च केला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल की सगळे गोडच झाले. त्याच वर्षी बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत लेकीला गुण कमी पडले. नातेवाईक म्हणाले, "गच्चीवर हिंडली, त्याचे हे फळ." कोणी म्हणाले, "आता स्थळे पाहा." ह्यांचेही मन डळमळले, आणि खरे सांगायचे तर माझेही डळमळले. एखादे वेळी वाटे, मीच तर तिला नादी लावले नाही ना?

त्या दिवसांत मला एक गोष्ट फार उपयोगी पडली. देशभरच्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी मिळून एक लहान उपग्रह बनवला होता, आझादीसॅट. त्यात हौशी रेडिओचीही व्यवस्था होती. ७ ऑगस्ट २०२२ रोजी तो श्रीहरिकोट्याहून वर गेला. पण अग्निबाणाने त्याला ठरल्या मार्गावर सोडले नाही आणि तो वाया गेला. मुलींची काही चूक नव्हती, तरी त्यांचे काम गेले ते गेलेच. त्यानंतर सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, आझादीसॅट-२ वर गेला आणि या वेळी मार्गाला लागला. मी ह्यांना म्हटले, "सातशेपन्नास पोरींना दुसरी संधी मिळते, आपल्या एकीला एक वर्ष देऊ." ह्यांनी ऐकले. लेकीने एक वर्ष घरी बसून पुन्हा अभ्यास केला. गच्चीवर आठवड्यातून दोनच दिवस जायचे, असे आम्ही ठरवले आणि तिने ते पाळले.

तिला पुण्याच्या मुलांचीही गोष्ट धीर देई. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह केला. तो हौशी रेडिओसाठीच होता. २२ जून २०१६ रोजी तो वर गेला. आत लोहचुंबक ठेवलेले, त्यामुळे होकायंत्राची सुई वळते तसा तो पृथ्वीच्या चुंबकशक्तीने आपोआप वळे. तो एका वर्षात झाला नाही. आधीची मुले शिकून बाहेर पडत आणि पुढची मुले तेच काम हाती घेत. त्याही आधी ५ मे २००५ रोजी भारताने हौशी लोकांसाठी हॅमसॅट सोडला होता, साडेबेचाळीस किलोचा. तो २०१४ पर्यंत चालला. म्हणजे या आभाळात आपल्याही माणसांचे आवाज फिरले आहेत.

त्या वर्षात लेक अभ्यासाला बसे आणि नोआ-१५ ची वेळ मी एकटी सांभाळू लागले. चित्र आले की दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे: तारीख, वेळ, आवाज कसा, आभाळ कसे. हळूहळू मला चित्रातला हिंदुस्थानचा किनारा ओळखू येऊ लागला, समुद्र कोणता आणि ढग कोणते हेही कळू लागले. आणि मग मला थोडा गर्व झाला! एप्रिलात एके सकाळी चित्रात दक्षिणेकडे पांढरे भरून आलेले दिसले. मी आळीभर सांगत सुटले, "आज वाळवण घालू नका, पाऊस येतो." चार घरांनी कुरडया आत घेतल्या. दिवसभर असे कडक ऊन पडले की विचारू नका! त्या दिवसापासून मला आळीत 'वेधशाळा' म्हणतात. त्यातून मी शिकले ते हे, की चित्र फक्त त्या घडीला ढग कुठे आहेत तेवढे सांगते. ते आपल्याकडे येतील की नाही, हे सांगायला हवामान खात्यातले शिकलेले लोक आहेत. कापूस वेचायचा की थांबायचे, हे त्यांचेच ऐकून ठरवावे, माझे ऐकून नव्हे.

लेकीला दुसऱ्या खेपेस चांगले गुण मिळाले. २०२५ च्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ती अभियांत्रिकी शिकायला बाहेरगावी गेली. तिचा पलंग रिकामा, जिना रिकामा. मी मात्र वेळेवर गच्चीवर जात असे. नोआ-१५ हा १३ मे १९९८ रोजी सोडलेला. माझ्या लेकीहून वयाने मोठा. त्याच्या बरोबरीचे दोन आधीच बंद केले होते, नोआ-१८ जूनमध्ये आणि नोआ-१९ ऑगस्टच्या १३ तारखेला. १९ ऑगस्टला हाही बंद केला. सत्तावीस वर्षे काम करून तो म्हातारा झाला होता.

हे मला लेकीने फोनवर सांगितले होते, तरी दुसऱ्या दिवशी सवयीने मी वर गेले. वहिनींनी आपल्या सवयीने दिवा मालवला. वेळ झाली, पंधरा मिनिटे गेली. टिक-टॉक आले नाही. घरात पोर नाही आणि आभाळात तो नाही. मला जरा भरून आले, ते लपवत नाही. मग खाली येऊन वहीत लिहिले: "२० ऑगस्ट. आवाज नाही." लेकीला सांगितले तर ती म्हणाली, "आई, तू अगदी बरोबर केलेस. आवाज आला नाही, हीसुद्धा नोंदच असते."

त्याच फोनवर तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडलेला ऑस्कर-७ नावाचा हौशी लोकांचा उपग्रह १९८१ साली बॅटरी बिघडून गप्प झाला. सर्वांनी त्याचे नाव सोडले. एकवीस वर्षांनी, २००२ साली, एका ऐकणाऱ्याला अचानक त्याचा आवाज आला! बिघडलेल्या बॅटरीतला दोष आपोआप तुटला आणि तो उन्हाच्या शक्तीवर पुन्हा बोलू लागला. ऊन असले की बोले, सावलीत गेला की गप्प. त्यानंतर वर्षानुवर्षे लोकांनी त्याच्यामार्फत संभाषणे केली. ही गोष्ट मी वहिनींना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "आपलं तं चार सालातच भागलं वं!"

नोआ-१५ बंद केला आहे, तो परत बोलणार नाही, हे मला माहीत आहे. पण ऑस्कर-७ चा आवाज कोणाला आला? जो त्या जागी कान लावून होता, त्याला. कोणीच ऐकत नसते, तर तो बोलू लागला हे कळलेही नसते.

भगिनींनो, हे सगळे सांगण्यामागे माझा हेतू एवढाच, की असल्या कामात आपल्याला जागा नाही असे समजू नये. उपग्रह बनवायला मोठी विद्या लागते, ती आपल्या मुलींनी शिकावी. पण वेळ पाळणे, माप नीट घेणे, एकच गोष्ट दहादा फसली तरी अकराव्यांदा करणे आणि आले-गेले ते वहीत लिहून ठेवणे, हे आपण रोजच करतो. माझ्या वहीतली पाने कोणी मोठ्या माणसाने पाहिली नाहीत. लेक मात्र सुट्टीत आली की आधी ती वही मागते.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्या सभागृहाची गच्ची मोकळी आहे आणि तिथून चारही दिशा दिसतात. महिन्यातून एका संध्याकाळी आळीतल्या शाळकरी मुलींना तिथे बोलवावे. अँटेना मी करून आणीन. तार, टेप आणि झाडूची दांडी माझ्याकडे आहे. मुलींना आभाळातला एखादा निरोप ऐकवू. न मिळाला तर तसे लिहून ठेवू. दिवे मालवण्याचे काम शेजारच्या वहिनींनी आपणहून पत्करले आहे.